फोटोत नसलेला माणूस

"डॉक्टर, तुमच्या फ्रीमेसन मंडळींत नव्या सभासदाला खरंच बोकडावर बसवतात का?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैज म्हटली की भोंग्याच्या अंगात येतं. भोंगा म्हणजे ती. आवाजामुळे वर्गाने पाडलेलं नाव. दातांचे डॉक्टर शाळेत तपासणीला आले होते, आणि ते फ्रीमेसन या बंद दाराआड भरणाऱ्या बंधुमंडळाच्या लॉजचे, म्हणजे गावातल्या शाखेचे, चिटणीस आहेत हे तिला बाबांमुळे ठाऊक होतं. ते तोंडात आरसा घालणार तेवढ्यात तिने तोफ डागली. रांगेतल्या मुली फिदीफिदी हसल्या. डॉक्टर तर पोट धरून हसले. म्हणाले, बोकड परवडत नाही बाई, पण जीभ एवढी चालतेय तर रविवारी लॉज सगळ्यांसाठी खुलं आहे, तिथे 'आमचे नामवंत सभासद' यावर तूच बोल. तिची कॉलर ताठ झाली.

डॉक्टरांनी दिलेल्या यादीत अकरा जण होते. दोन न्यायाधीश, एक महापौर, पूल बांधणारे इंजिनियर, असे सगळे बडे. शाळा सुटल्यावर ती लॉजच्या भिंतीवरचे ग्रुप फोटो बघायला गेली. बाबा सभासद झाल्यापासूनच्या बावीस वर्षांचे बावीस फोटो नाक लावून पाहिले. बाबा एकातही नाहीत. मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारे बाबा, नखांत घासूनही न जाणारं वार्निश असलेले, एकही बैठक न चुकवणारे.

तिथेच भेटलेल्या डॉक्टरांना तिने विचारलं, तर त्यांना त्यात काही वावगं वाटेना. तिचे बाबा लॉजचे दरवान. बैठक चालू असताना तलवार घेऊन बंद दाराबाहेर उभं राहायचं, हे त्यांचं काम. फोटो काढतात आत. दार सोडून ते येणार कसे?

"दाराला दोन मिनिटं आतून कडी घालायची की," ती म्हणाली.

बावीस वर्षांत हे कुणाला सुचलंच नव्हतं. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, यादी ठरलेली आहे, पाहुण्यांसमोर भलतंसलतं नको; नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघू.

रात्रीच्या जेवणाला तिने सगळं ओतलं. आईला धडकीच भरली. एका भाषणापायी बाबांची इतक्या वर्षांची माणसं तुटतील, म्हणाली.

बाबा शांतच. "अगं, न्यायाधीशसुद्धा मला बंधू म्हणतात. आणखी काय हवं?"

"म्हणतात ना? मग फोटोत का नाही घेत?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "पहिल्या वर्षी फोटोसाठी नवा टाय घेतला होता मी," ते हळूच म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

भोंगा ताटावरून उठली. "ठरलं. रविवारी मी बारा नावं वाचणार आणि पहिलं तुमचं. डॉक्टरांना आत्ताच फोन करून सांगते. त्यांनी दुसरं कुणी उभं केलं, तर मी खाली बसल्या जागेवरून बोलेन. आणि बाबा, तुम्ही नको म्हणालात तरी बोलेन."