थर्लबीचे दोन फेब्रुवारी

“बाई, थडग्यावरचं साल जुन्या हिशेबाचं आहे,” प्रूइट हळूच म्हणाले. हॅरिएटच्या हातातला चहा निवत गेला.

प्रूइट छापखान्यात मुद्रितं तपासत. हॅरिएट ओल्डरॉइडनं उभा जन्म घालून केलेला थर्लबीचा चरित्रकोश छपाईला निघाला होता. थर्लबी हा अठराव्या शतकातला यॉर्कशरचा लेखक. त्याची स्तोत्रं तिथल्या चॅपेलात अजून गायली जात. तो कुठं होता, त्यानं काय लिहिलं, काय जेवला, सारं तारीखवार. “आमच्या घरात नवरे दोन,” तिचा नवरा ईनक पाहुण्यांना सांगे, “एक मेलाय, बडदास्त त्याचीच जास्त.”

त्या काळी तिथं नवं साल पाडव्यासारखं मार्चअखेरीस लागे. त्यामुळं थर्लबीच्या मुलाच्या थडग्यावरचा १७३९चा फेब्रुवारी म्हणजे आजचा १७४०. थर्लबी स्वतः मात्र रोजनिशीत साल जानेवारीपासून धरी; त्यात आशेच्या स्तोत्राची नोंद १७३९च्या फेब्रुवारीत होती, म्हणजे वर्षभर आधीची. हॅरिएटनं दोन्ही फेब्रुवारी एकच मानले. म्हणून कोशात, मुलाला माती देऊन त्याच आठवड्यात थर्लबीनं आशेचं स्तोत्र रचलं होतं. खरं तर ते रचलं तेव्हा पोरगं अंगणात खेळत होतं. ते गेल्यावर त्यानं एक ओळ लिहिली नाही.

हॅरिएट आणि ईनकचा मुलगा मार्टिन खाणीत दगावला तेव्हा ईनकनं देवाशी बोलणं टाकलं होतं. हीच नोंद तिनं वाचून दाखवली, तेव्हा कुठं तो चॅपेलात परतला, गाऊ लागला. आणि गायचा असा, की देवालाही जागचं हलवेना.

प्रूइट म्हणाले, ठरवायचं तुम्हीच. पण कोशात खोटं कसं ठेवायचं, हॅरिएटला वाटलं. तिनं नोंद खोडली, आणि संध्याकाळी नवऱ्याजवळ जाऊन बसली.

“ईनक, त्याचं पोरगं तेव्हा जिवंत होतं.”

तिनं सगळं सांगितलं. तो गुडघे चोळू लागला.

“म्हणजे त्यालाही नाही जमलं?”

“नाही जमलं.”

“मग मी कुणाच्या आधारानं उभा होतो गं?”

‘माझ्या’, असं म्हणायला तिची जीभ उचलेना.

“तू खोटं नाही बोललीस,” तोच म्हणाला. “चुकलीस. चल, जेवून घे.”

रविवारी तो नेहमीसारखा कोट घालून चॅपेलात आला. तेच आशेचं स्तोत्र सुरू झालं, सगळे उभे राहिले, तोही राहिला. त्याचे ओठ मिटलेले होते. हॅरिएट दोन ओळी गायली, मग थांबली, आणि त्याचा हात धरून तशीच उभी राहिली.