वरराज भांडारातली तलवार

कार्तिकातली दुपार. मिरजेच्या बाजारपेठेवर ऊन पसरलं होतं ते कढवायचं राहून गेलेल्या लोण्यासारखं. पिवळसर, आंबूस, कडांना वितळत चाललेलं. तुळशीचं लग्न कालच लागलं होतं. गल्लोगल्ली उसाच्या चोयट्या पडल्या होत्या, चोयट्यांवर माश्या होत्या, आणि माश्यांवर, दुसरं काही न सुचल्यामुळे, आणखी माश्या होत्या.

त्या मक्षिकामंडित, मंदगंधी, म्लानप्रभ रस्त्यावरून रेवती आवटी चालली होती. वय चोवीस. नोकरी रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत. माणसाच्या देहातून जे जे बाहेर पडतं ते ते तिने डबीतून, बाटलीतून, निर्विकार नेत्रांनी पाहिलं होतं. योग्यांना हिमालयात जी विरक्ती लाभते ती तिला सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळात, पगारी, लाभली होती.

आज तिला तलवार हवी होती. जपानी. म्यानातून उपसायची, हवेत एकच रेघ ओढायची आणि पुन्हा म्यानात निजवायची, त्या मौनविद्येची. धार नको होती, वजन हवं होतं. आणि परवडायला हवी होती.

दोन वर्षं ती लाकडी तलवारीवर शिकली. मग खोत सर म्हणाले, "आता स्वतःची आण." खोत सर एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. शिडशिडीत, शांत, सरळ पाठीचे. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. शिष्याची नवी तलवार आली, की तिच्या पहिल्या वारासमोर सर स्वतः बसायचे. मांडी घालून, डोळे उघडे ठेवून, पात्याच्या टप्प्यात.

"गाडी पास करणाऱ्यानं पहिल्या फेरीला आत बसायचं," ते म्हणायचे. "तुला पास मी केलंय."

म्हणजे निवड रेवतीची होती, आणि डोकं सरांचं. रविवार परवावर आला होता.

'वरराज भांडार' हे मुकुंदशेठचं दुकान. तिथे भाड्याचे शेले, भाड्याचे फेटे, भाड्याच्या कट्यारी. हल्ली लग्नाच्या फोटोंत जतपासून जयसिंगपूरपर्यंतचे नवरदेव सामुराई होतात, म्हणून एका मांडणीत जपानी तलवारीही. जुन्या झाल्या की स्वस्तात विकायच्या.

"ही घ्या ताई, ड्रॅगनवाली," शेठ म्हणाले. "शंभर लग्नं झालीत हिच्यावर. एक घटस्फोट नाही!"

आणि पातं निघालं. आहाहा, काय ते पातं! चंद्रकोरीची सख्खी बहीण, तडितेची धाकटी जाऊ. शुभ्र, सुडौल, सर्पिल. रेवतीला त्यात स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो बराच बरा दिसला.

मग तिने मूठ धरली. मूठ ओली नव्हती. कोरडी नव्हती. मूठ चिकट होती. शंभर वरांच्या शंभर तळव्यांचा घाम तिच्या दोऱ्यांत मुरला होता. घामात अत्तर, अत्तरात श्रीखंड, श्रीखंडात गालावरची पावडर, आणि पावडरीत एक अक्षत रुतून बसली होती, पिवळी, मऊ, फुगलेली. रेवतीने हात सोडला. तळवा सुटायला अंमळ वेळ लागला.

धुता येईल, तिला वाटलं. पात्याकडे बघितलं की कोणालाही काहीही वाटलं असतं. तिने ती घेतली.

संध्याकाळी मोरीत, रिठ्याच्या पाण्यात, तिने मूठ बुडवली. पाणी आधी गढूळ झालं, मग गुलाबी, मग ज्याला मराठीत रंग म्हणत नाहीत असं झालं. दोरे सुटले. डिंक सुटला. आणि मूठ वालाच्या शेंगेसारखी आपणहून उकलली.

आत पातं नव्हतं. ते मुठीच्या तोंडाशीच संपलं होतं. तिथून पुढे पेन्सिलीएवढी एक सळई, वेल्डिंगच्या थुंकीने डकवलेली, गंजाने पोखरलेली. बोट लावलं तर डुलणारी. आणि सळई हलू नये म्हणून भोवती कोंबलेला कागदाचा लगदा. तिने तो उलगडला. लग्नपत्रिका होती. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं! – चि. पिंट्या.'

रेवतीला रविवार दिसला. वार दिसला. मुठीतून निसटून, मामाच्या लग्नाला निघालेलं ते लखलखतं पातं दिसलं, आणि त्याच्या वाटेवर दोन उघडे, शांत डोळे. शेकडो बाटल्यांसमोर तिने कधी तोंड फिरवलं नव्हतं; आता फिरवलं. ती मोरीच्या कठड्याला धरून ओकली. मळ तिला कधी ओंगळ वाटला नव्हता; ही चकाकी वाटली, आणि चकाकीला भुललेली ती स्वतः वाटली.

शनिवारी दुपारी ती पुन्हा दुकानात उभी होती.

"अहो, ही फोटोची तलवार!" शेठ दुखावले. "फोटोत कोण मरतंय?"

"आणि एखाद्या नवऱ्यानं फिरवली तर?"

"नवरे कुठले फिरवतायत? थरथरत असतात बिचारे. पैसे परत नाहीत हां ताई, बदलून न्या."

"मग सगळ्या उघडा."

शेठनी मुठींतल्या खुंट्या ठोकून काढल्या. पहिली उघडली: सळई आणि चिंधी. दुसरी उघडली: सळई आणि स्पंज. तिसरीत सळई, फेट्याचा तुरा आणि वयोवृद्ध झुरळ. चौथीत नुसती सळई, निर्लज्ज. नागकन्यांसारखी ती लावण्यवती पाती फरशीवर ओळीने पहुडली होती, आणि प्रत्येकीच्या पोटात तीच ती घाण.

शेवटची फेट्यांच्या खोक्यांखालून निघाली. करडी, निस्तेज, जर्मनच्या डेचकीच्या रंगाची.

"ही नका नेऊ," शेठ म्हणाले. "मरतुकडी आहे. तोंड दिसत नाही म्हणून पहिल्याच नवऱ्यानं परत केली. फोटोत पळीसारखी येते."

"उघडा."

खुंटी निघाली. मूठ सरकली. पातं थांबलं नाही; तेच, तेवढंच रुंद, मुठीच्या तळापर्यंत उतरत गेलं, घट्ट लाकडात घट्ट बसलेलं. रेवतीने मूठ नाकाशी नेली, प्रयोगशाळेतल्या सवयीने, सावकाश. लाकडाचा वास आला. आणखी कसलाच आला नाही.

रविवार. कोवळी, कोरी, करडी सकाळ. खोत सर समोर बसले, मांडी घालून.

"उघडून बघितलीस?"

"बघितली, सर."

"मग ये."

रेवती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तोंडाला अजून कडू चव होती. गुडघा उचलला. श्वास उतरला. पातं उपसलं, उंचावलं, आणि आभाळ दुभंगावं तसं खाली आलं. आलं, आलं, आणि सरांच्या कपाळापासून चार बोटांवर थांबलं. पाठोपाठ त्याचा वारा आला. सरांच्या माथ्यावरचे तीन पांढरे केस उठले, उभे राहिले, थरथरले. आणि एकेक करून, सावकाश, निजले.