शार्दूलाच्या परतीची दारं

मार्गशीर्षातलं पिवळं, पातळ, दमलेलं ऊन गॅलरीत उतरलं होतं. जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखं कठड्याला टेकलं होतं.

आणि आत, चटईवर, ऋजुता परलोक रचत होती. हो, परलोक! फाशांच्या खेळासाठी. प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, कागदावरच्या मुलखात भटकायचं, लढायचं, मरायचं. गेल्या रविवारी तिच्या अप्पांचा वीर मेला होता. शार्दूल, शुभ्रकेशी, शांतनेत्र धनुर्धर. खेळाचं जग तिचं, म्हणून त्याच्या आत्म्याची सोय करणंही तिच्याच गळ्यात आलं.

आठवडाभर खपली बिचारी. कागदावर पेन्सिलीनं सात लोक रचले. नीलधूसर नदीचा, निःशब्द हिमाचा, दीपमालांच्या अरण्याचा... आत्म्यांना रंग दिले. शूराचा केशरी, मायाळूचा दुधी, थकलेल्याचा राखी. आणि प्रत्येक लोकात एक दार. परतीचं. फाशावर सहा पडले की उठून यायचं. असं एखादं दार खेळाचे नकाशे काढणारे ठेवतातच. पण सातांत सात? अहो, भीतीच ती, दुसरं काय!

अप्पांच्या डायलिसिसचं हे चौथं वर्ष. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सुई, यंत्र, ग्लानी. पुन्हा सुई, पुन्हा यंत्र, पुन्हा ग्लानी. परवा डॉक्टरांसमोर ते म्हणाले होते, "पुरे आता." ऋजुतानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

मेलेल्या वीराचा फासा त्याच्या खेळणाऱ्यानंच टाकायचा, असा त्यांचा रिवाज. तिनं फासा अप्पांपुढे धरला.

"टाका अप्पा. सहा नाही पडले तर पुन्हा टाका. कितीही वेळा."

"कितीही वेळा?" अप्पा हसले. फासा त्यांनी तिच्याच मुठीत मिटला. "अगं, दमलाय गं तो. किती सुंदर लोक केलेस तू! राहू दे की त्याला तिथं. सारखं उठवू नकोस बाई."

तिला कळलं. कळून घ्यायचं नव्हतं, तरी कळलं.

"मग मी कोणाशी खेळू?" ती ओरडलीच. अप्पांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला.

बऱ्याच वेळानं तिनं खोडरबर उचललं. नदीकाठचं दार पुसलं. हिमातलं पुसलं. अरण्यातलं पुसलं. डोळे पुसायला मात्र हात मोकळा नव्हता. सातव्या दाराशी बोटं थांबली, काही केल्या हलेनात.

तेव्हा अप्पांनी सुयांनी काळानिळा झालेला आपला हात तिच्या हातावर ठेवला, आणि ते दार दोघांनी मिळून, हळूहळू, पुसलं.