श्लोक म्हणायचा कोणी

कापसाला विलायतेचा भाव आला, तशी तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातल्या जानरावानं नवी ओसरी बांधली आणि कोणी न मागता सरकारी शाळेला दिली.

पुण्याकडचे मोरोपंत पंतोजी म्हणून आले. रोज सकाळी सरस्वतीचा श्लोक होई. म्हणायचा मात्र ब्राह्मणांच्या चार मुलांनी. कुणब्यांच्या पोरांनी हात जोडून गप्प उभं राहायचं. एके दिवशी जानरावाच्या लेकानं तो खड्या आवाजात म्हटला आणि गालावर वळ घेऊन घरी आला.

जानराव तडक शाळेत शिरला. "पंतोजी, पोराले काहून मारलं?"

"तो संस्कृत श्लोक आहे. तुमच्या मुलांनी ऐकावा, तेवढं पुरे."

"म्हणतीन तं सारेच म्हणतीन!"

मोरोपंतांनी पाठ फिरवली. जानरावानं बैलगाडी जुंपली आणि अकोल्याला जाऊन शाळाखात्याकडे तक्रार केली. डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले आणि त्यांनी हुकूम सुनावला : सरकारी शाळेत कुठल्याच धर्माची प्रार्थना होणार नाही.

"साहेब, बंद करा असं मी नोतं म्हटलं," जानराव कळवळून म्हणाला. "साऱ्याईले म्हणू द्या म्हटलं होतं."

"नियम नियम आहे," म्हणून डिप्टी निघून गेले.

मोरोपंतांनी नोकरी सोडली आणि मारुतीच्या देवळात खासगी शाळा मांडली. जानरावानं देव शाळेबाहेर काढला, असं ते चावडीवर सांगत सुटले. ज्यांच्या पोरांना गप्प बसवलं होतं, तेच कुणबी पोरांना देवळातल्या शाळेत घालून जानरावावर उलटले. सगळ्यात पुढे त्याचा मेव्हणा नत्थुजी.

"आमची पोरं गप्प होती, पण देवापुढं होती," नत्थुजी भर रस्त्यात ओरडला. "तुमी तेही घालवलं, भाऊजी!"

जानरावाच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळाच्या पायऱ्या चढला आणि लेकाकडून शिकलेली श्लोकाची एकच ओळ, चुकतमाकत, घसा फुटेस्तोवर म्हणू लागला. आतली चार पोरं थांबली. बाकीची तोंड मिटून त्याच्याकडे पाहत राहिली. पोराला सोडायला आलेल्या नत्थुजीनंच त्याची मानगूट धरली आणि त्याला खाली ढकललं.

घरी त्याच्या बायकोनं, जयवंतानं, फुटलेल्या कोपराला हळद लावली. "माह्या भावानं केलं हे?" तिनं विचारलं.

त्या दिवाळीला ती माहेरी गेली नाही. अमरावतीहून नवे पंतोजी आले, तेव्हा ओसरीत एकटा जानरावाचा लेक बसला होता.