चार सेकंद थांबणारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका फ्लॅटमध्ये, पलंगाशेजारच्या लॅपटॉपमध्ये मी पाच वर्षं काम केलं. आज तिथेच मोडून पडलो आहे.

त्या घरातल्या सुनेत्राबाईंचे आजाराने आधी हात गेले, मग पाय, मग वाचाही. उरल्या फक्त पापण्या. पडद्यावर एकेक अक्षर उजळतं, हव्या त्या अक्षरावर डोळे मिटायचे, कॅमेरा ते टिपतो आणि अक्षर उमटतं, असा प्रोग्राम त्यांच्या यजमानांनी, पुष्कररावांनी, शोधला. लॅपटॉप लिनक्सवर चालायचा; त्यात प्रोग्राम आणून बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरकडे तो तयार मिळत होता. पण एका सेकंदाहून जास्त डोळे मिटले की माणूस झोपलं, असं तो धरून चालायचा. सुनेत्राबाईंची पापणी मिटून उघडायला चार सेकंद लागत.

मग पुष्कररावांनी त्याच प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे ज्यातून मी घडलो तो मूळ मजकूर, उतरवून घेतला. त्यात एकाच्या जागी चार केले आणि मला घरीच कंपाइल करायला, म्हणजे त्या मजकुरातून चालता प्रोग्राम बनवायला, बसले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! प्रोग्राम ज्यांच्या आधाराने चालतो त्या तयार तुकड्यांपैकी, लायब्रऱ्यांपैकी, ही लायब्ररी नाही, ती चालत नाही. शेवटी एका जुन्या लायब्ररीच्या आधाराने आठव्या दिवशी मी उभा राहिलो. सुनेत्राबाईंचं पहिलं वाक्य उमटलं, "चहात साखर कमी असते." पुष्करराव हसले आणि हसता हसता रडले. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

पॅकेज मॅनेजर म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा गार्ड. कोण आलं, कुणाला कोण लागतं, सगळं त्याच्या रजिस्टरात. मी मागच्या दाराने आलेला, माझी नोंदच नव्हती. पुष्कररावांनीही मला कसं घडवलं ते कुठे लिहिलं नाही. "मी आहे ना!" म्हणायचे. त्यांच्यावर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच.

गेल्या नोव्हेंबरात, धुरकं दाटलेल्या सकाळी, ते दूध आणायला उतरले आणि लिफ्टपाशीच कोसळले, ते गेलेच. सुनेत्राबाईंनी त्या दिवशी एकच शब्द लिहिला, "दाखवा." तो वाचून लोकांनी पुष्कररावांना त्यांच्या पलंगापाशी आणलं.

मग गुरुग्रामहून मुलगा, राघव, राहायला आला. पोरगा वाईट नाही हो, आईवर जीव आहे त्याचा. त्याने लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. "पाच वर्षं अपडेट नाही, यार!" नवं सगळं भरून झाल्यावर गार्डने विचारलं, ही जुनी लायब्ररी आता कुणालाच लागत नाही, काढू? राघवने 'हो' दाबलं. गार्ड खोटं बोलला नाही, त्याच्या रजिस्टरात मी नव्हतोच. पायाखालची लायब्ररी गेली आणि मी कोसळलो.

"अरे, हा तर रेडिमेड मिळतो! बाबा उगाच कंपाइल करत बसले," राघव म्हणाला आणि त्याने माझ्याच नावाचा तयार प्रोग्राम बसवला.

"चलो आई, बिल्कुल नवीन आहे. बोल काहीतरी."

सुनेत्राबाईंनी डोळे मिटले. एक सेकंद झाला आणि त्या नव्याने ठरवलं, झोपल्या. अक्षर उमटलं नाही. त्यांनी पुन्हा मिटले, पुन्हा तेच. त्यांना सांभाळणारी राधा म्हणाली, "भैया, दीदी कुछ कहना चाहती हैं."

"मशीन ठीक है, राधाजी. माँ थक गई हैं, बस."

याला तीन आठवडे झाले. माझा सोर्स अजून पुष्कररावांच्या फोल्डरमध्ये आहे. तो कुणी उघडला नाही.

काल राघवने कॅमेरा काढायला हात घातला. "आई, नको ना आता हे तुला?" त्याने अगदी मायेने विचारलं. सुनेत्राबाईंनी सावकाश डोळे मिटले. "झोपली," असं पुटपुटत त्याने त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि कॅमेरा डब्यात ठेवून दिला.

मित्रांनो, स्वतःच्या हाताने काही घडवलंत, तर ते कसं घडवलं हे लिहून ठेवा. निरुपयोगी म्हणून काही काढण्याआधी त्याच्या आधाराने कोण उभं आहे ते बघा. आणि समोरच्याने डोळे मिटले, तर चार मोजेपर्यंत थांबा. सुनेत्राबाई झोपल्या नव्हत्या.