ओकच्या पानांचं टोपडं

पत्र आलं तेव्हा आईला जाऊन सोळा दिवस झाले होते. फ्रिजमध्ये अजून लोकांची भांडी होती. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे दुःख सरलं की ज्याचं त्याला परत करता यावं. लेनोरा रोज दोन भांडी धुऊन पोचती करायची. सोळा दिवसांत तेवढंच एक काम तिला नीट जमलं होतं.

पत्र जाड कागदावर होतं. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचा ‘सामाजिक आणि घरगुती इतिहास’ जपणाऱ्या एका संस्थेकडून. आपल्या दिवंगत मातोश्री ओडेसा पिंकनी यांनी व्हाइट हाउसच्या कपडेखोलीत एकतीस वर्षं सेवा केली, त्यांच्या आठवणी आणि काही वस्तू असल्यास पाहायला मिळाव्यात, अशी विनंती. खाली सही, मार्गरेट विनस्लो.

लेनोरा ग्रंथालयात काम करायची. पत्र कसं वाचायचं ते तिला कळत होतं. ‘आठवणी’ हा शब्द एकदा होता, ‘वस्तू’ तीनदा.

“वस्तू?” अर्नेस्टीन मावशी म्हणाली. “कसल्या वस्तू? काय गं, तुझ्या आईनं राजवाडा उचलून आणला होता का घरी?”

अर्नेस्टीन ही आईची सख्खी बहीण नव्हे. दोघी त्याच कपडेखोलीत शेजारी शेजारी उभ्या राहून इस्त्री करायच्या, आणि मग आयुष्यभर एकाच गल्लीत राहिल्या. आता एकाहत्तर वर्षांची ही बाई रोज दुपारी यायची, आईच्या खुर्चीत न बसता शेजारच्या खुर्चीत बसायची.

“माणूस गेल्याचं कळलं कसं त्यांना?” मावशीनं विचारलं.

“मीच छापून आणलं ना पेपरात.”

“पेपर वाचून कुणी एवढा जाड कागद पाठवत नाही, पोरी. त्यांना काहीतरी हवंय. चहा देऊ नकोस. आणि बोलायचं तर हवामानावर बोल.”

त्या घरातलं बाहेर न्यायचं नाही, हा आईचा नियम होता. गोष्टही नाही आणि सुईही नाही. आईच्या कामाच्या एप्रनला खिसाच नसायचा. आलेले खिसे ती पहिल्या दिवशी उसवून टाकायची. “खिसा नकोच बाई,” म्हणायची, “लोकांची नजर उगाच तिकडे जाते.” राष्ट्राध्यक्षांच्या बायका कशा होत्या असं चर्चमध्ये कुणी विचारलं, तर आई सांगायची, “त्यांच्या उशांचे अभ्रे चांगले होते.” संपलं.

मिस विनस्लो मंगळवारी आली. पस्तिशीची, गोरी, पावसाळी कोट, हातात टेपरेकॉर्डर आणि एक चपटी पेटी. लेनोरानं चहा दिला. मावशीचं ऐकलं नाही याचं तिला जरा बरंही वाटलं.

“तुमचं सांत्वन करायला शब्द नाहीत,” विनस्लो म्हणाली.

“मग राहू द्या,” लेनोरा म्हणाली.

तिला वाटलं होतं, ही बाई आता बंद दाराआडचं काही विचारेल. कोण रडलं, कोण प्यायलं. विनस्लोनं तसलं काहीच विचारलं नाही, आणि लेनोराला ते जास्त खटकलं. ती विचारत होती रफूबद्दल. आई कुठला दोरा वापरायची? उजव्या हातानं शिवायची की डाव्या? फाटलेल्या टेबलक्लॉथचं पुढे काय व्हायचं?

“तळघरात जाळायचे. देखरेखीच्या बाईंच्या समोर. त्या घराचं कापड बाजारात जाऊ नये म्हणून.”

“सगळं जाळायचे?”

“सगळं.”

विनस्लो भिंतीकडे बघत होती. तिथे लेनोराच्या बाप्तिस्म्याचा फोटो होता. आईच्या मांडीवर तीन महिन्यांचं गाठोडं आणि डोक्यावर पांढरं टोपडं. विनस्लो उठून फोटोपाशी गेली. आधी चष्मा लावून पाहिलं, मग काढून.

“हे टोपडं अजून आहे?”

“नाही,” लेनोरा म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

विनस्लोनं पेटीतून एक मोठा फोटो काढला. पांढरा टेबलक्लॉथ, खालून दिवा लावून टिपलेला. विणीतच ओकची पानं होती, आणि कोपऱ्याजवळ मोठ्या हातरुमालाएवढा चौकोन, उजेडात एक छटा गडद. “हा तुकडा मागाहून बसवलाय. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. सत्तेचाळीस वर्षं कुणाला कळलं नाही. मूळ तुकडा कापून काढला, आणि त्याच नक्षीच्या जुन्या नॅपकिनचा तुकडा पानाला पान जुळवून विणून टाकला. हे कुणी केलं, ते आम्हाला शोधायचंय.”

“आणि कापून काढलेला तुकडा?”

“तोही,” विनस्लो म्हणाली, आणि तिची नजर पुन्हा भिंतीकडे गेली.

लेनोरानं उठून तिचा कोट आणून दिला.

दार लावल्यावर ती वर गेली. आईच्या कपाटातल्या टोपीच्या गोल डब्यात, टिश्यू कागदाखाली टोपडं होतं. ते घेऊन ती खिडकीशी आली. ओकची पानं. लहानपणापासून पाहिलेली, पण ती पानं आहेत हे आज पहिल्यांदा दिसलं.

मग पेपरात काय छापून आणलं आपण? ‘निष्ठेनं सेवा.’ ते शब्द तिनं स्वतः निवडले होते, दोनदा खोडून. आता ही बाई आपल्या फायलीत दुसरा शब्द लिहील, आणि आईचं नाव कुठे लागलंच तर त्या शब्दाशेजारी लागेल. एकतीस वर्षं खिसे उसवून टाकणाऱ्या बाईनं वापरातला टेबलक्लॉथ कापला, तोही स्वतःच्या पोरीला मिरवायला? लेनोराच्या मनात आलं, चूल पेटवावी. त्या तळघरात करायचे तेच करावं, आणि काही नव्हतंच म्हणून सांगावं. ती काड्यापेटीसुद्धा घेऊन आली.

पण हाताला सवय होती. कापड हातात आलं की उलटं करून बघायचं, आईनं शिकवलेलं. तिनं टोपडं उलटं केलं. आतलं अस्तर साध्या मलमलीचं, आणि त्याचे टाके लांब, वाकडे, एक इकडे तर दुसरा भलतीकडे. आईचा टाका दिसतच नसे. हे टाके आईचे नव्हते. आणि लेनोरा ते ओळखत होती. चर्चच्या गायनमंडळाच्या झग्यांना असेच टाके यायचे, आणि आई दर ईस्टरला ते गुपचूप उसवून पुन्हा घालायची.

तिनं कात्रीच्या टोकानं अस्तर मानेपाशी उसवलं. आत ओकच्या पानांवर बदामी डाग होता. वर टोकदार, खाली रुंद. इस्त्रीच्या पुढच्या भागाचा नेमका आकार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी ताटलीत रताळ्याची गोड पेस्ट्री घेऊन आली. लेनोरानं टेबलावर त्या ताटलीशेजारी टोपडं ठेवलं, अस्तर वर करून.

मावशी उभीच राहिली. “तुला कुणी उसवायला सांगितलं?”

“टाके तुझे आहेत, मावशी.”

“माझे टाके! माझे टाके काय नावाचा शिक्का मारून येतात?”

“येतात.”

मावशीनं पर्स मांडीवर घेऊन घट्ट धरली. “त्या बाईनं पाठवलं का तुला, मला विचारायला?”

“ती बाई आईला चोर समजतेय. आणि काल रात्री मीही समजत होते.”

“ओडेसाला?” मावशी इतक्या जोरात म्हणाली की ताटली हलली. “ओडेसाला चोर? अगं, तिनं कधी त्यांची टाचणी घरी आणली नाही! चुकून आणली तर बसचं भाडं भरून परत नेली!”

“मग हे काय आहे?”

मावशीनं टोपड्याला हात लावला नाही. “बेसबॉलची मॅच होती रेडिओवर,” ती शेवटी म्हणाली. “आपला संघ वर्षातनं एखादेवेळी जिंकायचा, आणि तो दिवस नेमका माझ्या नशिबी. मी चोवीस वर्षांची, कामाला लागून सहा महिने झालेले. इस्त्री खाली ठेवली, आणि वास आला तेव्हा उचलली. दुसऱ्या दिवशीच्या मेजवानीचा टेबलक्लॉथ, पोरी. मला काढलं असतं का? कुणास ठाऊक. देखरेखीची बाई तशी वाईट नव्हती. पण आपण विचारायला जातोय होय? तुझी आई एवढंच म्हणाली, दार लाव. रात्री नऊपर्यंत बसली. सकाळी टेबल मांडलं तेव्हा मलाच जागा सापडेना.”

“तुकडा जाळला का नाही?”

“जाळायचा म्हणजे बाईंना दाखवायचा! बाहेर काढायलाच हवा होता. तर तिनं पोटावर पसरला, झग्याच्या आत. सातवा महिना होता तिला. फाटकावरचा शिपाई म्हणाला, मिसेस पिंकनी, जपून चाला. आणि ही बया म्हणते, तेच करतेय.” मावशी हसली आणि तिचं हसू मधेच बंद पडलं. “तुझ्यावर पसरून आणला तो. मग फेकवेना तिला. चांगलं कापड, म्हणाली. मी म्हटलं, डाग माझा, अस्तर मी लावते. तेवढंच तर मी केलं.”

लेनोराला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते तिला समजत नव्हतं. आईनं तिलाही सांगितलं नव्हतं. एक गोष्ट बाहेर नेली होती, पण ती कुणाला कधी सांगितली नाही.

“तू सांगायला हवंस,” ती म्हणाली. “मी नाही सांगणार तुझ्यासाठी.”

“माझी पेन्शन बंद करतील.”

“मावशी, ती संग्रहालयवाली आहे.”

“सगळे तिथूनच सुरू करतात.” मावशी ताटली तशीच ठेवून निघून गेली. तीन दिवस आली नाही. लेनोरानं ताटली धुतली. बुडाला चिकटपट्टी नव्हती. ती कुणाची, हे कधी लिहावं लागलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी मावशी सकाळीच आली, डोक्यावर चर्चची जांभळी हॅट. “बोलाव तिला,” म्हणाली. “हॅट काढायच्या आत बोलाव.”

विनस्लो तासाभरात आली. लेनोरानं आधी संमतीचा कागद वाचला, एकेक ओळ, मग ‘वस्तू दान’ हा परिच्छेद पेनानं खोडला. टोपड्याचा फोटो घ्या, म्हणाली, टोपडं इथेच राहील. समासात तिनं लिहिलं: रफू करणारी, ओडेसा पिंकनी. पूर्ण नाव, संग्रहालयात जिथे जिथे हा टेबलक्लॉथ दाखवला जाईल तिथे तिथे.

विनस्लोनं वाचून सही केली. “आम्ही चोर शोधत नव्हतो, मिस पिंकनी,” ती म्हणाली.

“तसं कुणी कधी म्हणत नाही,” लेनोरा म्हणाली.

विनस्लोनं पांढरे हातमोजे चढवले आणि टोपड्याकडे हात नेला. मावशीनं तिच्या मनगटावर चापट मारली.

“काढ ते! मोज्यात धागा अडकतो. हात धुऊन ये, नुसते.”

विनस्लो खरंच हात धुऊन आली.

“हे यंत्र,” मावशीनं विचारलं, “बंद केलं की खरंच बंद होतं का?”

“होतं.”

“मला दाखव.”

विनस्लोनं दोनदा चालू-बंद करून दाखवलं. मावशीनं दोन्ही वेळा लाल दिवा नीट पाहिला, मग लेनोराकडे पाहिलं. लेनोरानं आईची खुर्ची ओढून मावशीच्या मागे ठेवली.

मावशी त्या खुर्चीत बसली.

“लाव,” ती म्हणाली. “माझं नाव अर्नेस्टीन टॉलिव्हर. इस्त्री माझ्या हातात होती.”