वधस्तंभाची उजवी बाजू

सुभानराव इंगळे बडोद्यातल्या एका सरकारी शाळेत कवायत शिकवत. उजवं कुठलं आणि डावं कुठलं, हे दोनशे पोरांना रोज सकाळी ओरडून सांगायचं, हा त्यांचा धंदा. आजोबा गायकवाडांच्या पागेत होते, वडील पलटणीत. घराण्यातून तलवार गेली तेव्हा सुभानरावांच्या हाती शिट्टी आली. बाप्तिस्मा घेऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि पाणीगेटाजवळच्या मराठी मंडळीत ते साक्षीबद्दल प्रसिद्ध होते. मंडळी म्हणजे सगळी मिळून सतरा माणसं. उपासनेनंतर कुणीही उठावं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, असा शिरस्ता होता. कुणीही म्हणजे सुभानराव. उरलेले सोळा ऐकत; त्यातले दोघे डोळे मिटून आणि एक घोरत.

त्यांची साक्ष दर रविवारी एकच असे. "आपण रांगेत उभं राहायचं. पुढचा हुकूम काय, हे शिपायानं विचारायचं नसतं. विचारलं, की विश्वास संपला!"

गेल्या चैत्रात या साक्षीला मथुराबाई सापडल्या. मथुराबाई म्हणजे मंडळीचं देऊळ, म्हणजे चर्च, झाडणारी विधवा. त्यांचा एकुलता एक मुलगा आगगाडीच्या कामावर आफ्रिकेत मोंबाशाला गेला होता आणि दहा महिन्यांत त्याचं पत्र नव्हतं. बाईंनी एका शेजारणीच्या देव्हाऱ्यापुढे जाऊन कौल लावला. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मुलगा जिता आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. बातमी सुभानरावांच्या कानी आली आणि त्यांनी रविवारी भर मंडळीत बाईंना उभं केलं. वीस मिनिटं. बाई "चुकले" म्हणाल्या, बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या झाडायला आल्या. त्या रविवारी घरी जेवताना सुभानरावांना दोन पोळ्या जास्त गेल्या.

भाद्रपदात कुसुमावतीबाईंच्या, म्हणजे सुभानरावांच्या बायकोच्या, पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यातल्या सर्जनसाहेबांनी तपासून सांगितलं, "कापली तर बऱ्या होतील किंवा टेबलावरच जातील. नाही कापली तर चार-सहा महिने आहेत. कापायची असेल तर गुरुवारी सकाळी. बुधवारी दिवेलागणीपर्यंत सही द्या."

"पण साहेब, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? आत काय आहे ते कापल्यावर दिसणार."

सुभानरावांना त्यांचा रागच आला. थोडं तरी खोटं ऐकायला मिळावं म्हणून तर माणूस एवढ्या मोठ्या दवाखान्यात जातो.

सोमवारी त्यांनी प्रार्थना केली. मंगळवारी उपास केला आणि प्रार्थना केली. आकाशातून काहीही आलं नाही. बुधवारी दुपारी शाळेतून निघताना कुंपणाजवळच्या तगरीची दोन फुलं त्यांच्या हातात आली. म्हणजे त्यांनी ती तोडली. पण वाटेत कुणी विचारलं असतं तर हातात आली असंच त्यांनी सांगितलं असतं.

देवळात कुणी नव्हतं. व्यासपीठामागच्या भिंतीवर शिसवी वधस्तंभ होता. तो घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या एका सुतारानं केलेला. हा सुतार जन्मभर झोपाळेच करत आलेला, त्यामुळे आडव्या लाकडाच्या दोन्ही टोकांना त्यानं सवयीनं पितळी कड्या बसवून दिल्या होत्या. पाळकसाहेबांनी काढायला सांगितल्या तर म्हणाला, "रेवा दो ने साहेब, मजबूत छे." कड्या राहिल्या.

सुभानरावांनी दोन पाकळ्या माठातल्या पाण्यात बुडवल्या, स्टुलावर चढले, आणि दोन कड्यांच्या खाली एकेक चिकटवली. मग खाली उतरून हात जोडले.

"प्रभू, हा कौल नव्हे," त्यांनी आधी स्पष्ट केलं. "मी फक्त विचारतोय. उजवी पडली तर कापायचं. डावी पडली तर नाही."

पाकळ्या पडेनात. वधस्तंभाला नुकतंच अळशीचं तेल लावलं होतं आणि त्या तेलाला त्या डकवल्यासारख्या बसल्या होत्या. पाव तास गेला. सुभानराव खोकले. मग थोडं पुढे सरकून खोकले. आपण एकाच पाकळीच्या दिशेनं खोकतोय, हे तिसऱ्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं, आणि कान तापले. विचारायचं देवाला आणि फुंकर आपण घालायची!

ते मागे सरले, आणि तेवढ्यात एक पाकळी पडली.

त्यांच्या डाव्या हाताची.

सुभानरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो अर्ध्यातच अडकला. रांगेसमोर उभं राहिलं, की आपलं डावं ते पोरांचं उजवं. वधस्तंभ आपल्याकडे तोंड करून असेल, तर ही पडली ती उजवी, म्हणजे कापायचं. पण तो आपल्याकडे पाठ करून असेल तर? मूर्तीला नाक असतं, डोळे असतात, उजवं-डावं विचारावं लागत नाही. या दोन लाकडांचं तोंड कुठे? बावीस वर्षं कवायत शिकवलेला माणूस स्टुलाजवळ उभा राहून एकदा भिंतीकडे तोंड करी, एकदा दाराकडे, आणि दर खेपेला त्याची बायको कधी मरे, कधी जगे.

"देवाची उजवी धरायची, मास्तर," मागून कुणीतरी म्हणालं. "आपली नव्हे."

शेवटच्या बाकाखालून मथुराबाई फडक्यासह बाहेर आल्या. त्या फरशी पुसत होत्या. मघापासून पुसत होत्या.

सुभानरावांना वाटलं, तिथल्या तिथे फरशी उचकटावी आणि खाली शिरावं. पण ती फरशी बाईंनी आत्ताच पुसलेली.

"मथुराबाई, मी... हे म्हणजे..."

"तेलावर लावायची नसते पाकळी. पुसून घ्यायचं आधी." त्या हसत नव्हत्या. टोमणाही नव्हता. एखाद्या जाणत्या माणसानं नवख्याला सांगावं तसं सांगत होत्या, आणि सुभानरावांना तेच सोसवेना. "वहिनींसाठी का?"

"हो."

"मग घाबरायला होणारच."

दार वाजलं. पाळकसाहेब दत्तात्रेयपंत संध्याकाळच्या प्रार्थनेच्या तयारीसाठी लवकरच आले; छत्री दाराशी टेकवून कंदील घेऊन आत शिरले. त्यांनी स्टूल पाहिलं, जमिनीवरची पाकळी पाहिली, वरची पाहिली, चष्मा वर केला आणि मथुराबाईंकडे पाहिलं. सुभानरावांकडे पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"मथुराबाई, पुन्हा?"

बाईंनी एकदा सुभानरावांकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे. "हो, माझंच आहे ते, पाळकसाहेब."

"आणि तेही देवळात! सुभानराव, तुम्ही पाहिलंत ना?"

शास्त्रात शिष्यानं प्रभूला नाकारलं तेव्हा आरवला होता, तसा या ठिकाणी कुठेतरी कोंबडा आरवायला हवा होता. आरवला नाही; पाणीगेटाचे कोंबडे दुपारी झोपतात. सुभानरावांनी तोंड उघडलं. वीस मिनिटं अखंड बोलणारं ते तोंड.

"पाहिलं," ते म्हणाले.

आणि छत्री घेऊन बाहेर पडले. पाऊस नव्हता. छत्री त्यांची नव्हती.

दवाखान्यात कुसुमावतीबाई खाटेवर पडून होत्या. "काय हो, चेहरा असा काय? आणि ही छत्री कुणाची?"

"पाळकसाहेबांची." ते स्टुलावर बसले आणि मग सगळंच बाहेर पडलं. तगर, माठ, खोकला, उजवं-डावं, मथुराबाई. शेवटचा "पाहिलं" सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की कुसुमावतीबाईंना तो दोनदा विचारावा लागला.

वधस्तंभाचं तोंड कुठे, हे आठवून कुसुमावतीबाई हसायला लागल्या. हसताना गाठ दुखायची, म्हणून पोट दाबून हसल्या, मग रडल्या.

"पाकळीला विचारलंत," त्या म्हणाल्या. "साहेबांना विचारलंत. पोट कुणाचं आहे?"

 तीन दिवसांत हे सुभानरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला... तुला काय वाटतं गं?"

"भीती वाटते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण कापू दे. जे व्हायचं ते प्रभूच्या हातात असताना होऊ दे. चार महिने मरण उशाशी घेऊन निजायचं नाही मला. आणा तो कागद."

परिचारिका कागद घेऊन आली. "मास्तरसाहेब, अहीं सही करो." कुसुमावतीबाईंनी त्याआधी नवऱ्याचा हात धरून ठेवला.

"सही करा, आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत देवळात जा. त्या बाईला येत्या रविवारी पुन्हा उभं राहू देणार असाल, तर उद्या मी त्या टेबलावर कुठल्या तोंडानं तुमच्यासाठी प्रार्थना करू?"

"माझ्यासाठी?"

"मग! माझ्यासाठी सारी मंडळी करतेय. तुमच्यासाठी कोण करणार?"

देवळात पोचेपर्यंत मंडळी जमली होती. बुधवारची प्रार्थना आज कुसुमावतीबाईंसाठीच होती. सुभानराव उठले तसे दोघांनी सवयीनं डोळे मिटले.

"ती पाकळी मी लावली," सुभानराव म्हणाले.

घोरणं थांबलं.

"मथुराबाईंनी नाही. मी लावली, मी खोकलो, मी खोटं बोललो. चैत्रात यांना मी उभं केलं. यांचा मुलगा दहा महिने बेपत्ता होता आणि मी यांना हुकूम आणि रांग शिकवत होतो. माझ्यावर तीनच दिवस आले, तर मी स्टुलावर चढलो." पुढचं वाक्य आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची साक्ष मिनिटभरात संपली. "पाळकसाहेब, ही तुमची छत्री."

 दत्तात्रेयपंतांनी छत्री घेतली, उघडली, मिटली. "हे फार गंभीर आहे," ते म्हणाले. मग वर वधस्तंभाकडे पाहून, जरा विचारात पडून, "तसं पाहिलं तर आपण त्याच्याकडे तोंड करून बसतो, म्हणजे त्याची उजवी..." आणि एकदम भानावर येऊन घसा खाकरला. "प्रार्थना करू या."

बसायला सुभानरावांना जागा दिसेना. पुढच्या बाकावर त्यांची नेहमीची जागा मोकळी होती. तिथे जायला पाय वळेनात. मथुराबाई मागच्या बाकावर सरकल्या. ते तिथे बसले. शेजारी बसून माफी कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते नेहमी उभ्यानं बोलत आलेले.

गुरुवारी सकाळी कुसुमावतीबाईंना आत नेलं. दार लागलं. बाहेर लाकडी बाक होता आणि भिंतीवर घड्याळ नव्हतं, हे एक बरं होतं. सुभानराव बसून होते. थोड्या वेळानं मथुराबाई आल्या आणि दुसऱ्या टोकाला बसल्या. देऊळ झाडून आल्या होत्या. हाताला ओल्या फरशीचा वास होता.

"चैत्रात काय आला होता कौल?" सुभानरावांनी विचारलं. विचारताना मान खाली.

"उजवा. चांगला उजवा."

"मग पत्र?"

"कुठलं पत्र? दीड वर्ष होईल आता." बाईंनी पदर सारखा केला. "उजवा येऊनही मला झोप लागली नाही. म्हटलं, या पाकळीला काय माहिती मोंबाशाचं. तेव्हापासून नाही विचारत. रोज प्रभूला एवढंच म्हणते, मला दिसत नाही तो, तुला दिसतो. बघत राहा."

"एवढंच?"

"कधी कधी रागानं म्हणते."

सुभानरावांनी हात जोडले. डोक्यात पुष्कळ वाक्यं होती, सहा वर्षांची घोटलेली, रांगेत उभी; पण त्या दाराकडे पाहून एकाचाही पाय उचलेना. चैत्रातला रविवार तेवढा सारखा मध्ये येत होता.

"प्रभू," ते म्हणाले, "ती आत आहे."

थांबले.  त्यांना पुढे काही जमणार नाही हे मथुराबाईंनी ओळखलं आणि आपणच "आमेन" म्हणून टाकलं.

आतून भांड्यांचा आवाज आला. सुभानराव उठले नाहीत. आवाज कसला, हेही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी बाईंकडे न पाहता, फार हळू, "माफ करा" म्हटलं; बाईंनी ऐकलं की नाही कळलं नाही, कारण त्याच वेळी त्या बाकावर थोड्या जवळ सरकत होत्या. दार लागलेलंच होतं.